पहिल्या रांगेतली खुर्ची

फिडेल्मा टार्पीनं दीड वर्षात चारशे अकरा घरांना नकार कळवला होता, आणि त्यातल्या एकाही नकारानं तिची झोप उडाली नव्हती. डब्लिनमधल्या एका जुन्या सरकारी इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर तिची खोली होती. तिथली खिडकी उघडली तर बंद व्हायची नाही आणि बंद केली तर उघडायची नाही. दारावर पाटी होती, "नातेवाईक विभाग". इंग्रजांविरुद्धच्या एकोणीसशे सोळा सालच्या उठावाला शंभर वर्षं होणार होती. ईस्टरच्या रविवारी जीपीओसमोर, म्हणजे शहरातल्या मोठ्या पोस्टासमोर, सगळा देश लोटणार, राष्ट्रपती पुष्पचक्र वाहणार, आणि जे लढले त्यांची मुलं-नातवंडं समोरच्या स्टँडमध्ये मानानं बसणार. त्यात कोण बसणार आणि कोण नाही, हे ठरवायचं काम फिडेल्माकडे होतं.

आता गंमत बघा. उठावाच्या त्या आठवड्यात बंडवाल्यांनी जीपीओ ताब्यात घेतलं, तेव्हा आत माणसं असतील फार तर चारेकशे. आणि आमचे वडील, आमचे आजोबा, आमचे काका आत होते म्हणणारे अर्ज आले हजारांनी. "एवढी माणसं खरंच आत असती तर इंग्रजांना तोफा लावायची गरजच नव्हती," फिडेल्मा म्हणायची. "इमारत आपली आपणच फुटली असती." म्हणून तिनं एका ओळीचा नियम लिहिला आणि वरून मंजूर करून घेतला: लेखी पुरावा नसेल तर खुर्ची नाही. उठावातल्या लोकांनी पुढे पेन्शनसाठी अर्ज केले होते, त्यांच्या फाइली सरकारी दफ्तरात होत्या. फाइल असेल तर या, नसेल तर रस्त्यावर कठड्यामागे उभं राहून बघा.

दर मंगळवारी रिंग्जएंडहून गॉबनेट लूबी यायच्या. वय चौऱ्याऐंशी, हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा, डब्यात वडिलांचा फोटो आणि गणवेशाचं एक बटण. वडील कालव्याच्या पुलाजवळ बंदूक घेऊन तीन दिवस बसले होते, असं लूबीबाईंचं म्हणणं. पुढे आपलीच माणसं आपसात लढली, वडील हरलेल्या बाजूला गेले, आणि या सरकारच्या हातचं पाणीसुद्धा पिणार नाही म्हणून त्यांनी पेन्शनचा अर्जच केला नाही. अर्ज नाही, म्हणून फाइल नाही.

"मग मी काय करू, पोरी? थडग्यातून उठवून आणू त्यांना सही करायला?"

"लूबीबाई, नियम आहे."

"कुणी केला?"

"मीच."

"मग मोड की! तुझाच आहे ना?"

फिडेल्मा त्यांना चहा द्यायची, साखर दोन चमचे, आणि बसच्या थांब्यापर्यंत सोडायला जायची. खुर्ची काही द्यायची नाही.

स्वतःच्या वडिलांचा अर्ज आला तेव्हा मात्र तिनं तो उघडूनही पाहिला नव्हता. मॅलकी टार्पी, वय एकोणनव्वद, राहणार ड्रिमना, वडील लॉरेन्स टार्पी, जीपीओ. त्यात काय तपासायचं? आजोबा जीपीओत होते हे तिला बाप्तिस्म्याच्या आधीपासून माहीत होतं. अख्ख्या आळीला माहीत होतं. तिनं "तपासले" या चौकटीत खूण केली, खाली सही केली आणि अर्ज पुढे सारला. नंतर कळलं की उठावातल्या माणसांच्या हयात मुलांमध्ये बाबा सगळ्यांत थोरले. म्हणून त्यांना पहिल्या रांगेतली मधली खुर्ची मिळाली, पाठीवर नावाची पट्टी लावलेली. टीव्हीवाले घरी येऊन चार मिनिटांची फिल्म करून गेले. बाबा त्या फिल्मभर चहाच्या कपाकडे बघत होते. लोक म्हणाले, काय तो साधेपणा!

जानेवारीत दफ्तरानं फाइलींचा नवा गठ्ठा खुला केला. फिडेल्माचे साहेब कॉनल लॉफ्टस यांच्या डोक्यात आलं की पहिल्या रांगेतल्या दहा जणांच्या वडिलांच्या फाइलींची पानं मोठी करून प्रदर्शनाच्या भिंतीवर लावावीत. फिडेल्मानं दहाच्या दहा मागवल्या. आजोबांची आपल्या हौसेनं आधी उघडली, एका हातात चहा धरून.

लॉरेन्स टार्पी, सन एकोणीसशे सदतीस, पेन्शन मंडळासमोर दिलेला जबाब. "रविवारी सकाळी पेपरात आमच्या वरिष्ठांचा हुकूम छापून आला की आजचं संचलन रद्द, कुणी बाहेर पडू नये. मी पडलो नाही. सोमवारी बायकोला घेऊन फेअरीहाउसला घोड्यांच्या शर्यतीला गेलो. परतलो तर शहरात गोळीबार चालू. मंगळवारी निघालो, पण पुलावर सैनिकांनी मागे फिरवलं. त्यानंतर घरीच होतो." मंडळानं विचारलं होतं, म्हणजे तुम्ही लढला नाहीत? उत्तर होतं, "नाही. मी हुकूम पाळला." खाली लाल शाईत शेरा: सेवा सिद्ध होत नाही, अर्ज नामंजूर.

 उठाव त्या संचलनातूनच सुरू व्हायचा होता, आणि तो पेपर वाचून घरी बसलेले हजारो होते, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. त्यात लाजेसारखं काही नव्हतं. पण त्यात खुर्चीसारखंही काही नव्हतं, आणि हे तिच्याइतकं पक्कं दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं. चहा गार झाला. तिनं ते पान चार वेळा वाचलं, आणि चारही वेळा आजोबा शर्यतीलाच गेले.

ती तशीच उठून लॉफ्टसकडे गेली. त्यांनी पान वाचलं, उठून दार लावलं आणि पुन्हा बसले.

"हे आणखी कुणी पाहिलंय?"

"नाही. पण माझी चूक आहे. मी तपासलं नाही. नाव काढावं लागेल."

"नऊ आठवडे राहिलेत, फिडेल्मा. फिल्म दोनदा दाखवून झालीय. आमंत्रणं छापून झालीत. म्हाताऱ्याचं नाव काढायचं आणि पेपरवाल्यांना काय सांगायचं, की राष्ट्रीय समितीनं घोड्यांच्या शर्यतीला गेलेल्याच्या मुलाला मधोमध बसवला होता?"

"चारशे अकरा जणांना मी नाही म्हटलंय."

"ते चारशे अकरा टीव्हीवर आले होते का?" लॉफ्टसनी पान पाकिटात घातलं आणि तिच्याकडे सरकवलं. "भिंतीवर नऊ पानं लावू. नऊ हा चांगला आकडा आहे. वडिलांना काही बोलू नकोस, त्या वयात धक्का सोसत नाही. जा, काम कर."

काम कर म्हणे! दुसऱ्या मंगळवारी लूबीबाई आल्या तेव्हा फिडेल्माला त्यांच्याकडे मान वर करून बघवेना. घरी जावं तर तिथे आणखीच कोंडी. ती आणि बाबा दोघंच राहायचे, भाऊ ऑस्ट्रेलियात पर्थला. पण दोघंच म्हणायला. शेजारचा मॉसी किन्सेला, बसवरून निवृत्त झालेला ड्रायव्हर, सकाळ-संध्याकाळ ठाण मांडून असायचा. बाबांच्या नव्या सुटावर ब्रश फिरवायचा, बुटांना पॉलिश करायचा, आणि राष्ट्रपती हात पुढे करतील तेव्हा बाबांनी कसं उठायचं याची तालीम घ्यायचा.

"ऊठ, मॅलकी! असा नाही रे, डब्यातून सार्डिन मासा ओढल्यासारखा. छाती काढून! जीपीओवाल्याचा पोरगा आहेस तू!"

बाबा उठायचे, बसायचे, पुन्हा उठायचे. फिडेल्मा स्वयंपाकघरात बटाटे सोलत ऐकायची आणि सालीबरोबर अर्धा बटाटा उतरवायची. आज सांगू, उद्या सांगू करता करता लेंट, ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवास, सुरू झाला. चर्चमध्ये तिनं कपाळाला राख लावून घेतली. उपवासाला साखर सोडायची ती दरवर्षीची रीत. पण यंदा तिला साखर सोडून भागण्यासारखं नव्हतं. तिचा जीव नुसता तळमळत होता.

शेवटी एका रविवारी, प्रार्थनेहून आल्यावर, मॉसी बहिणीकडे जेवायला गेलेला बघून तिनं ते पान बाबांच्या ताटाशेजारी ठेवलं. ताटात डुकराचं खारवलेलं मांस आणि कोबी होता. बाबांनी चष्मा लावला. बोट ठेवून ओळ न ओळ वाचली. 

"शर्यतीचं मला माहीत नव्हतं," बाबा म्हणाले. "कुठला घोडा लागला, लिहिलंय का?"

"बाबा!"

"आलं एकदाचं," म्हणून त्यांनी चष्मा काढला. "बस. कोबी गार होतोय."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मला नाही तर कुणाला? मीच सुरू केलं ना ते." बाबांनी काटा ठेवला. "नऊ वर्षांचा होतो. उठावाला वीस वर्षं झाली म्हणून शाळेत शिकवणाऱ्या ब्रदरनी विचारलं, कुणाकुणाचे वडील उठावात होते, हात वर करा. माझ्या डावीकडच्यानं केला, उजवीकडच्यानं केला. मी पण केला. कुठे होते रे? जीपीओत, ब्रदर! मला बाकावर उभं केलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळपर्यंत आळीभर झालं."

"आणि आजोबा?"

"त्यांना खाटकानं सांगितलं. शाबास, लॅरी, बोलला नाहीस कधी! घरी आले, माझ्याकडे बघितलं आणि एक अक्षर बोलले नाहीत. पट्ट्यानं बडवलं असतं तर सुटलो असतो गं मी. पुढे लोकच मागे लागले, लॅरी, पेन्शन का घेत नाहीस? कशाला, तर लोकांचं तोंड बंद व्हावं म्हणून अर्ज केला. तिथे जाऊन हे असं खरं सांगून आले." बाबांनी पानावर बोट आपटलं. "नामंजूर झाल्यावर आळीत म्हणाले, त्याचे पैसे कसले घ्यायचे. झालं! आणखी मोठे झाले. मग दर ईस्टरला पाव आणि गळ घेऊन सकाळीच कालव्यावर जायचे ते अंधार पडल्यावर यायचे. मासा कधी आणला नाही. मरेपर्यंत."

 फिडेल्माचा स्वभाव मेला तापट, रडू यायच्या आधी राग येणारा. "मग अर्ज कशाला केलात? गप्प बसला असतात! कुणी बोलावलं होतं का तुम्हाला?"

"तू तिथे बसली होतीस म्हणून केला," बाबा म्हणाले. "आर्चबिशपच्या पुतण्याला परत पाठवणारी बाई! म्हटलं, ही काही सोडत नाही. फाइल काढेल, नाही म्हणून पत्र पाठवेल. मग मी ते मॉसीला दाखवीन, सरकार नाही म्हणतं, संपलं. मला स्वतःच्या तोंडानं नाही गं बोलता येत. ऐंशी वर्षं झाली, प्रयत्न केला नाही असं नाही. चारशे लोकांना नाही म्हणालीस, आणि नेमकी माझ्या वेळी हो म्हणालीस."

फिडेल्मानं ताट बाजूला सारलं आणि तिथेच टेबलावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. बाबा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "अजून पाठवता येईल का गं पत्र?"

"साहेबांनी मनाई केलीय."

"हातात नको देऊस. पोस्टानं पाठव, सरकारी पाकिटातून. मॉसीचा पाकिटावर विश्वास आहे."

सोमवारी फिडेल्मानं चारशे बारावं पत्र टाइप केलं. तोच मजकूर, कानामात्रा न बदलता: आपल्या कुटुंबाच्या आठवणींचा आम्ही आदर करतो, तथापि उपलब्ध नोंदींवरून सेवा सिद्ध होत नाही. खाली तिची सही. पत्र पेटीत टाकलं तेव्हा महिन्याभरात पहिल्यांदा तिला भूक लागली.

बुधवारी दुपारी बाबांनी ते कोपऱ्यावरच्या पबमध्ये सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर पत्राची घडी घातली. बाबांना वाटलं, सुटलो.

"काय म्हणतायत हे चोर?" मॉसी ओरडला. "सिद्ध होत नाही? लॅरी टार्पीची सेवा सिद्ध होत नाही?"

"मॉसी, ऐक माझं. खरंच नव्हते रे ते. पेपर वाचून घरी बसले होते."

मॉसीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यानं बाबांना मिठी मारली. "बघा रे बघा! अपमानानं म्हाताऱ्याचं डोकं फिरवलं हरामखोरांनी. कागद आणा कुणीतरी!"

गुरुवारपर्यंत तीनशे सह्या झाल्या. शुक्रवारी नगरसेवक रेडिओवर बोलला. सोमवारी सरकारी गाडी दारात आली आणि ड्रायव्हरनं माफीचं पत्र बाबांच्या हातात दिलं: कारकुनी चुकीबद्दल दिलगिरी आहे, आपली जागा पूर्ववत राखून ठेवली आहे. आळीनं टाळ्या वाजवल्या. फिडेल्माची उचलबांगडी झाली, गाड्या उभ्या करायच्या परवान्यांच्या टेबलावर. लॉफ्टसनी एवढंच विचारलं, "कशाला केलंस?"  आणि आळीतल्या बायका तिच्याशी बोलेनाशा झाल्या, सख्ख्या बापाला नाकारणारी म्हणून.

बाबांनी ते माफीचं पत्र घडी करून खुंटीवरच्या कोटाच्या खिशात ठेवलं. दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी विचारलं, "आपल्याला खुर्च्या किती?"

"चार. तुम्ही, मी, आणि मॉसी काही ऐकायचा नाही."

"चौथ्या खुर्चीवर त्या रिंग्जएंडच्या बाईंना आण."

"बाबा, त्यांच्याकडे कागद—"

"तू आता गाड्यांकडे आहेस. तुला काय करायचाय खुर्च्यांचा नियम?"

ईस्टरच्या रविवारी घड्याळं तासभर पुढे गेलेली, त्यामुळे अख्खं शहर अर्धवट झोपेत. नऊ वाजताच सगळ्यांना स्टँडमध्ये बसवलं आणि दोऱ्या लावल्या. समारंभ संपेपर्यंत उठायचं नाही, बाहेर जायचं नाही, शौचालयाला जायचं तर पोलिसाला सांगून. मधोमध बाबा, डावीकडे मॉसी, उजवीकडे डबा मांडीवर घेतलेल्या लूबीबाई, त्यांच्या पलीकडे फिडेल्मा. समोर जीपीओचे ते भले मोठे खांब. बाबा खांबांकडे बघायचं टाळत होते, आणि पहिल्या रांगेत बसून दुसरीकडे बघायला जागाच नव्हती.

अकराच्या सुमारास टीव्हीची एक चटपटीत मुलगी माइक घेऊन आली. "आपल्यासोबत आहेत मॅलकी टार्पी! मॅलकी, या दिवशी तुमचे वडील नेमके कुठे होते?"

फिडेल्मानं लूबीबाईंच्या पाठीमागून हात घालून बाबांचा कोट धरला. बाबांनी खाकरून घसा साफ केला.

"घरी," ते स्वच्छ आवाजात म्हणाले. "रविवारी घरी होते. सोमवारी शर्यतीला गेले होते."

मुलीनं कानातल्या यंत्रावर बोट दाबलं, पलीकडून कुणीतरी काहीतरी सांगत होतं. "घरदार, सणाची मौजमजा सगळं मागे टाकून निघालेली ती माणसं!" ती कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली. "धन्यवाद, मॅलकी." आणि पुढच्या खुर्चीकडे गेली. मॉसीनं बाबांचा गुडघा थोपटला.

लूबीबाईंनी मात्र मान वळवून बाबांकडे नीट निरखून पाहिलं. "खरं सांगितलंत?"

"खरं."

"अगंबाई! माझं खरं, तर मला घेत नाहीत. तुमचं खोटं, तर तुम्हाला सोडत नाहीत." त्यांनी डबा उघडला, आतून कागदात गुंडाळलेलं हॅमचं सँडविच काढलं आणि अर्धं बाबांना दिलं. बाबांनी ते खाल्लं. पत्र आल्यापासून त्यांनी इतक्या चवीनं काही खाल्लेलं फिडेल्मानं पाहिलं नव्हतं.

बाराला ध्वज अर्ध्यावर उतरला, उठावाचा जाहीरनामा वाचून झाला. मग लाउडस्पीकरवरून आवाज आला: सोळा साली जे लढायला बाहेर पडले, त्यांच्या मुलांनी कृपया उभं राहावं.

रांगेतल्या खुर्च्या करकरल्या. म्हातारेम्हाताऱ्या काठ्या टेकत उठू लागल्या. बाबा हलले नाहीत. कॅमेरा रांगेवरून सरकत येत होता.

"मॅलकी, ऊठ!" मॉसी दातांत पुटपुटला. "गुडघा धरला का? थांब, मी आहे." त्यानं एका काखेत हात घातला. मागच्या रांगेतला एक धिप्पाड भला माणूस पुढे वाकला, "आजोबा, घाबरू नका, आधार देतो," म्हणून त्यानं दुसऱ्या काखेत घातला. दोघांनी मिळून बाबांना उचललं. त्यांच्या चेहऱ्याची अशी दशा झाली होती, जणू कुणी पोराला धरून बाकावर चढवत असावं.

"सोडा त्यांना!" फिडेल्मा ओरडली. एवढ्या शांततेत तिचा आवाज पार खांबांपर्यंत गेला. राष्ट्रपतींनीसुद्धा मान वळवली असेल, तिला पर्वा नव्हती. "मॉसी, हात काढ! त्यांना बसायचंय. माझे बाबा बसणार आहेत!"

मॉसीचा हात सुटला. मागच्या माणसानंही सोडलं. बाबा खाली बसले, खुर्चीला नीट टेकले. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि तिथेच राहू दिले.

त्यांच्या शेजारी गॉबनेट लूबी डबा छातीशी धरून उभ्या होत्या.